तिकीटवाल्याचं दुखणं

४ फेब्रुवारी

ताई,

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. हे पत्र तुझ्या कानांपायी. मागच्या रविवारी मी ‘गुडघा’ म्हणालो आणि तू ‘कुणाचा मुडदा’ म्हणून हुंदके द्यायला लागलीस. हिच्या साध्या गुडघेदुखीचा खुलासा करता करता माझा घसा बसला. आज जे विचारायचंय ते तसं ओरडून विचारण्यासारखं नाही. भिंतीपलीकडे शेजारी आहेत आणि भिंतीअलीकडे ही आहे.

आमच्या पोहण्याच्या तलावावर तिकीट-खिडकीत एक गृहस्थ बसतात. माझ्याच वयाचे, साठीचे. त्यांना खालच्या कसल्याशा ग्रंथीचं दुखणं निघालं. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन आणि रोज एक गोळी. आजार आटोक्यात आहे म्हणतात, पण बाकीचं सगळं विचित्र चाललंय. बसल्या बसल्या मानेपासून टाळूपर्यंत जाळ उठतो, शर्ट पिळावा इतका घाम येतो आणि मग हुडहुडी भरते. अंगावरचे केस विरळ झालेत. आणि छाती सुजली आहे. सूज म्हणजे, कसं लिहू, बारा-तेरा वर्षांच्या मुलीची असते तशी. कापड घासलं तरी दुखते. परवा म्हणे एका जाहिरातीतलं म्हातारं कुत्रं बघून त्यांना रडू आलं.

त्यांनी मला विचारलं, कारण पोहायला शिकवण्यात माझा जन्म उघड्या शरीरांमध्ये गेला. पण मला पाण्यात खांदा कसा फिरवायचा तेवढं कळतं. तू शाळेत विज्ञान शिकवलंस. त्या माणसाचं नक्की काय होतंय? तो बाई होत चाललाय का? हा त्यांचा शब्द, माझा नाही.

उत्तर तलावाच्या पत्त्यावर टाक. आमच्या इमारतीतल्या पत्रपेट्या मोडल्यात.

तुझा धाकटा भाऊ

१५ फेब्रुवारी

प्रिय बेडका,

किती वर्षांनी मला कुणीतरी विज्ञानाचा प्रश्न विचारला. इथे शेजारणी मला फक्त सांधेदुखीवरचं तेल विचारतात. तेव्हा आता नीट बस आणि मधे बोलू नकोस.

तुझ्या तिकीटवाल्याला बहुधा प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. तो बायकोला आणि जगाला ‘ग्रंथीचं दुखणं’ म्हणत असेल. ती गाठ पुरुषाच्या संप्रेरकावर, टेस्टोस्टेरॉनवर पोसते. म्हणून इंजेक्शन देऊन मेंदूकडून खाली जाणारा निरोपच तोडतात आणि शरीर ते बनवायचं थांबवतं. गाठ उपाशी पडते, पण त्याच संप्रेरकावर दाढी, दंड, हाडं, झोप आणि इतरही बरंच काही चालत होतं. तेही उपाशी पडतं.

आता मुळापासून सांगते. आईच्या पोटात पहिले सहा-सात आठवडे मुलगा आणि मुलगी असा फरक शरीरात दिसतच नाही. आत दोघांनाही सारख्याच दोन कोवळ्या गाठी असतात आणि नळ्यांच्या दोन्ही जोड्या तयार असतात, कुठलीही लागो. बापाकडून वाय गुणसूत्र आलं असेल तर बहुतेक वेळा त्यावरचा एक जनुक थोडा वेळ जागा होतो, त्या गाठींची वृषणं होतात आणि पुढचं सगळं त्या वळणाने जातं. नसेल तर दुसरे जनुक कामाला लागतात आणि त्याच गाठींचे अंडाशय होतात. स्तनाग्रं मात्र त्या सुमाराला सगळ्यांनाच मिळतात. ‘बाई, मग मुलांना ती कशाला?’ असं दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं आणि वर्ग अर्धा तास वाया जायचा.

आम्ही शिकवायचो की हे एकदा ठरलं की संपलं. तसं नाही म्हणे. एका मासिकात वाचलं की पूर्ण वाढलेल्या उंदराच्या मादीत एक जनुक बंद केला, तर तिचा अंडाशय हळूहळू वृषणासारखा दिसायला लागला. म्हणजे जे झालोय ते राहण्यासाठीही शरीराला जन्मभर काम करावं लागतं. मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंची तांबडी कोंबडी आठवते? तिचा अंडाशय बिघडला, तिला तुरा आला आणि एका सकाळी ती आरवली. सगळी गल्ली बघायला लोटली होती. तू तर दोन दिवस तिची नक्कल करत फिरलास, मी हसून हसून जमिनीवर लोळले होते.

तर त्याला सांग, तू बाई होत नाहीयेस. बाई होणं इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. थोडा बायकी ऐवज मिळालाय एवढंच. आमच्यात स्वागत आहे म्हणावं, पुढच्या वेळी येताना चोळीचं माप घेऊन ये.

तुझी काळजी नाही, तू घोडा आहेस. आणि सगळ्या इमारतीच्या पत्रपेट्या एकदम कशा मोडल्या?

तुझी ताई

३ मार्च

ताई,

पत्र मिळालं. तिकीटवाल्यांना सगळं समजावून सांगितलं. चोळीचा विनोदही सांगितला. हसले.

इकडे विशेष काही नाही. तलावाचं पाणी गरम करायचं यंत्र पुन्हा बंद पडलंय. उन्हाने माझी कातडी सोलवटते, म्हणून हल्ली पाण्यातही टी-शर्ट घालून उतरतो. पेट्यांचं काम अजून झालेलं नाही.

ह्या विषयावर आता लिहायची गरज नाही. त्यांचं समाधान झालंय.

तुझा धाकटा भाऊ

२२ मे

ताई, नमस्कार.

मी तुमची भावजय. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला एकटीने पत्र लिहायची वेळ पहिल्यांदाच आली, म्हणून चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे. दोनदा कागद फाडला.

हे बदलले आहेत. हिवाळ्यापासून बाहेरच्या खोलीत झोपतात. म्हणतात, तुझ्या घोरण्याने झोप येत नाही. मी घोरते हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. न्हाणीघरात जाताना कडी लावतात. पूर्वी सबंध घरात उघड्या अंगाने वावरायचे, मीच ओरडायचे, अहो दार उघडं आहे, काहीतरी घाला. आता भर उन्हाळ्यात दोन-दोन कपडे. स्वतःचे कपडे स्वतः धुतात. ज्या माणसाने कधी रुमाल पिळला नाही, तो पहाटे उठून बनियन धुवून दारामागे वाळत घालतो. परवा मी तो हातात घेतला. ह्यांच्या मापापेक्षा खूप लहान, नवा, घट्ट. सोबत मुरगळल्यावर बांधतात तसली पट्टी होती. मी विचारलं, कुठे लागलं का? तर हातातून ओढून घेतली आणि म्हणाले, ‘तुला माझ्या कपड्यांत काय काम?’ हे असं कधी बोलले नव्हते.

मागच्या आठवड्यात तलावावरची झाडणारी बाई बाजारात भेटली. म्हणाली, मास्तरांची तब्येत आता कशी आहे? मी म्हटलं, कशाने? तिला वाटलं मला माहीत आहे. तलावात एक जाडजूड माणूस बुडायला लागला होता, ह्यांनी उडी मारली, पण ह्यांना तो काठाला आणवेना. शेवटी बायकांना शिकवतात त्या बाईंनी उडी घेऊन दोघांनाही ओढलं म्हणे. तेव्हापासून हे कामावर गेलेले नाहीत. आणि इकडे रोज सकाळी पिशवी घेऊन, शिट्टी गळ्यात घालून घराबाहेर पडतात. कुठे जातात, ताई?

घट्ट कपडे, पोट आत ओढून आरशासमोर उभं राहणं, वेगळं झोपणं, उगाच डोळ्यांत पाणी. मी काही कुकुलं बाळ नाही. ह्या वयात दुसरी कुणी असेल का? तुम्हाला ते सगळं सांगतात. मला रागवा, पण खरं ते कळवा. पत्र घरी टाकलंत तरी चालेल, आमच्या पेट्या चांगल्या आहेत.

तुमची भावजय

२७ मे

प्रिय भावजयबाई,

तुला रागवू कशाला? आधी एवढंच वाच: दुसरी कुणी नाही. मी हे शपथेवर सांगते.

काय आहे ते मला आत्ता, तुझं पत्र वाचल्यावर कळलं. पण ते सांगायचा हक्क त्याचा आहे. थोडे दिवस दे. तोवर त्याला न्हाणीघरावरून, बनियनवरून काही विचारू नकोस. आणि तू घोरत नाहीस. माझ्याकडे राहिलात तेव्हा मला अजून चांगलं ऐकू येत होतं.

ताई

२७ मे

बेडका,

तो तिकीटवाला तू आहेस.

मी मूर्ख आहे. ज्या पोराला आईच्या मागे मी वाढवलं, त्याचं अक्षर ‘छाती सुजली आहे’ ह्या ओळीपाशी कसं थरथरलंय ते मला दिसलं नाही. आज ते पत्र पुन्हा काढून पाहिलं. मला प्रश्न दिसला, उत्तर येत होतं, आणि मी फळ्यापुढे उभी राहिल्यासारखी सुटले. वर चोळी. वर कोंबडी. तुझ्या तोंडावर बोलले असते तर मधेच जीभ चावली असती, पत्रात ती सोयही नाही. ते पत्र तू कुठे बसून वाचलंस हे सारखं मनात येतं आणि मला पाणी गोड लागत नाही.

मला सगळं कळव. कधी कळलं, डॉक्टर काय म्हणाले, सकाळी पिशवी घेऊन कुठे जातोस. तुझ्या बायकोला वाटतंय की तू बाहेर कुणाकडे जातोस. ती आरशासमोर उभी राहून स्वतःचा दोष शोधत असेल. मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, पण तुझ्यासाठी फार दिवस गप्प राहणं मला जमणार नाही.

तुझी ताई

६ जून

ताई,

तुझं ते पत्र मी पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीत वाचलं, शेवटच्या बाकावर, ओल्या टॉवेलाखाली धरून. चोळीवर मला हसू आलं होतं, खोटं नाही. मग कोंबडीवर आलो आणि ते विरलं. तुझी चूक नाही. मी विचारलंच तसं.

आता सांगतो. गेल्या ऑक्टोबरात लघवीचा त्रास म्हणून गेलो, तर तपासण्यांवर तपासण्या झाल्या. डॉक्टर बाई आहेत, आपल्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं की कॅन्सर आहे, ग्रंथीच्या थोडा बाहेर आलाय, पण इंजेक्शनांनी आणि पुढे किरणांनी बरीच वर्षं काढता येतील. घरी कुणाला घेऊन या म्हणाल्या. मी म्हटलं, घरी कुणी नाही. का म्हणालो कोण जाणे. बायकोसमोर त्या माझ्या कुठल्या भागाचं नाव घेतील आणि ती कुठे बघेल, ह्याचीच मला जास्त धास्ती होती. कॅन्सर त्यानंतर आठवला. हिला सांगितलं, म्हातारपणाची सूज आहे.

पहिलं इंजेक्शन नोव्हेंबरात. महिन्याभरात जाळ सुरू झाले. मग इच्छा गेली. कुणी खोलीतला दिवा बंद करावा तशी गेली. त्याचंही इतकं वाटलं नसतं. पण छाती आली. ताई, अर्धा जन्म लोकांनी माझी तीच छाती बघितली आहे. पोरं म्हणायची, मास्तरांसारखी छाती पाहिजे. मी त्यांच्यासमोर ती फुगवून उभा राहायचो. आता पट्टी बांधून, वर लहान बनियन, वर टी-शर्ट. पाण्यात पट्टी सैल पडते. पोरं पाण्याखाली डोळे उघडे ठेवतात, मीच शिकवलंय त्यांना.

त्या दिवशीचं सांगतो. खोल बाजूला एक दणकट माणूस, व्यवसायाने सुतार, पोटरीत गोळा येऊन गटांगळ्या खायला लागला. मी उडी मारली. असे किती काढले असतील मी. हनुवटीखाली हात घातला, पाय मारले आणि मी जागचा हललो नाही. दंड होते, पण दंडात कुणी नव्हतं. तो माझ्यावर चढला, त्याने माझी छाती आवळली, आणि मी पाण्याखाली ओरडलो. दुखलं म्हणून ओरडलो. पाणी गेलं. पुढचं मला नीट आठवत नाही, बायकांच्या बॅचच्या शिक्षिकेने आम्हा दोघांना आणलं. तिने काठावर श्वास मोकळा व्हावा म्हणून माझा टी-शर्ट वर केला. पट्टी बघितली. तिने तो परत खाली ओढला आणि गर्दीला म्हणाली, ‘मास्तरांना बरगडीला लागलं होतं, सरका.’ तिने मला वाचवलं त्यापेक्षा ती मला झाकायला खोटं बोलली, ह्याने मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. एक माणूस माझ्या लाजेपायी बुडला असता, ताई. दंडातली ताकद गेल्याचं मला महिन्यांपासून ठाऊक होतं. मी व्यवस्थापकांना सांगितलं नाही, कारण मग ते विचारणार, का गेली.

सकाळी मी बस-स्थानकावर जाऊन बसतो. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. दुपारी तलावाच्या फाटकावरून पत्र आलंय का विचारतो आणि घरी येतो.

आणखी एक आहे. मे महिन्यातलं इंजेक्शन मी घेतलेलं नाही. गोळीही बंद केली. वाटलं, थोडे महिने पूर्वीसारखा होईन, मग बघू. अजून काहीच परतलेलं नाही. जाळ तसेच, छाती तशीच.

तुझा भाऊ

११ जून

बेडका,

मी पहिल्यांदा उघडं पोस्टकार्ड लिहायला घेतलं होतं. तलावाच्या पत्त्यावर, मोठ्या अक्षरात: इंजेक्शन घे. सगळ्यांनी वाचलं असतं आणि तू घाबरून गेला असतास. अर्धं लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तुझी लाज तुझ्यावरच उगारते आहे. फाडून टाकलं.

म्हणून बंद पाकिटात लिहिते. तू पूर्वीसारखा होणार नाहीस इतक्यात. शरीर इतक्या लवकर मागे फिरत नाही. पण गाठीला पहिला घास मिळाला की ती वाट बघणार नाही. तुला काय परत मिळतंय ह्यापेक्षा तिला काय परत मिळतंय ते बघ.

आणि ते ‘पूर्वीसारखा’ म्हणजे कोण, ते मला कळत नाही. तू पोटात होतास तेव्हा पहिले काही आठवडे तू कुणीच नव्हतास, मग मुलगा झालास, चौदाव्या वर्षी आवाज फुटला तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास, लाज वाटते म्हणून. तेव्हाही तुला वाटलं होतं की शरीराने दगा दिला. त्या वेळी मी तुला काय म्हणाले ते आठवत नाही. बहुधा हसले असेन. ह्या वेळी हसत नाही.

मी येऊन तुझ्याबरोबर दवाखान्यात बसेन, पण मला त्या डॉक्टरचं एक अक्षर ऐकू येणार नाही. ज्या बाईला ऐकू येतं ती तुझ्या घरात आहे.

ताई

२ जुलै

ताई, नमस्कार.

तुम्ही थोडे दिवस मागितले होतेत. ते संपायच्या आत ह्यांनी सांगितलं.

दुपारची वेळ होती. मी ओट्यापाशी होते. हे आले आणि म्हणाले, ‘जरा बस.’ मला वाटलं, आलं. आता नाव सांगणार. मी गॅस बंद केला, हात पुसले, बसले. हेही समोर बसले. मग उभे राहिले आणि एकेक काढायला लागले. शर्ट, बनियन, आणि मग ती पट्टी, गोल गोल, संपेचना. मी बघितलं. हे भिंतीकडे बघत होते. मग खाली बसून सगळं सांगितलं, ऑक्टोबरपासून. शब्द आधी घोकून आणल्यासारखे.

तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला सांगू नका. ह्यांच्या तोंडून कॅन्सर शब्द ऐकला आणि मला आधी हायसं वाटलं. दुसरी कुणी नाही, ह्याचं हायसं. एक क्षणभरच. पण वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर ह्यांनी वाचलं असणार. त्यानंतर मला जे रडू आलं ते आधी त्या लाजेचं होतं, आजाराचं रडू संध्याकाळी आलं. मी म्हटलं, ‘अहो, मी भलतंच समजत होते.’ काय समजत होते ते सांगितलं. ह्यांना ते खरंच वाटेना. म्हणाले, ‘माझ्याकडे कोण बघणार आता?’ मी म्हटलं, ‘मी बघत होते की, तुम्हीच कडी लावलीत.’

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई ह्यांना म्हणाल्या, ‘घरी कुणी नाही म्हणाला होतात.’ मग त्या रागावल्या, थोड्याच, आणि रक्त तपासलं. त्यातला कॅन्सरचा आकडा चढलाय, पण फार नाही. इंजेक्शन दिलं. छातीसाठीही काही करता येतं म्हणाल्या, दुखणं कमी होईल, पण ह्यांनी आधी सांगितलं असतं तर जास्त उपयोग झाला असता. किरणं पुढच्या महिन्यात. मला विचारत होत्या, घाम किती वेळा येतो, झोप कशी आहे. मला कुठे माहीत? हे बाहेरच्या खोलीत झोपत होते. ती उत्तरं मला देता आली नाहीत ह्याचीही लाज वाटली.

आता आत झोपतात. माझी पाळी जायच्या वर्षांत मी अशीच पेटायचे, तेव्हा हे थंडी वाजते म्हणून पंखा बंद करायचे. मी आठवण करून दिली नाही. ह्यांनीच काढली. आता पंखा रात्रभर असतो आणि मी पांघरूण घेते.

आमच्या लेकीला अजून सांगितलेलं नाही. तेवढं ह्यांना जमत नाहीये. मी घाई करत नाही.

तुमची भावजय

२० ऑगस्ट

ताई,

किरणं चालू आहेत. दमायला होतं, बाकी बरं आहे. आकडा उतरलाय. मागच्या रविवारी लेकीला सांगितलं. फोनवर, हिने फोन धरला आणि मी बोललो. छातीचं नाही सांगितलं. तेवढं राहू दे माझ्याकडे.

व्यवस्थापकांकडे मी स्वतः गेलो. म्हटलं, खोल बाजूची जबाबदारी माझ्याकडून काढून घ्या, माझ्या अंगात आता माणूस ओढायची ताकद नाही, ही औषधं चालू आहेत, हे त्यांचे परिणाम आहेत. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. त्यांनाच इतकं अवघडल्यासारखं झालं की मला त्यांची दया आली. खोल बाजू आता त्या शिक्षिकेकडे आहे. मी उथळ बाजूला नवशिक्यांना शिकवतो. कंबरेएवढं पाणी. तिचे आभार मानायला गेलो तर ती म्हणाली, ‘मास्तर, तुमच्या बरगडीचं कसं आहे?’ मी म्हटलं, ‘ती बरगडी नव्हती.’ ती म्हणाली, ‘ठाऊक आहे. माझ्या वडिलांनाही इंजेक्शनं चालू होती.’ आणि शिट्टी फुंकून गेली निघून. एवढी मोठी गोष्ट तिने कपड्यावरचं पाणी झटकावं तशी सांगितली.

तो सुतारही परत आला. पाण्याला घाबरतो आता. मला वाटलं, माझ्याकडे बघून तोंड फिरवेल. तर म्हणाला, ‘आपण दोघंही घाबरलोय, मग कंबरेएवढ्यातच बरं.’ त्याला पाण्यावर पडायला शिकवतोय. माझ्या अंगात अजून टी-शर्ट असतो. तो काढायचं धाडस मला झालेलं नाही, आणि होईल असं वाटतही नाही. लाज गेलेली नाही, ताई. तुझ्याशी खोटं बोलायचं सोडलंय म्हणून लिहितो.

पण सोमवारचं सांगायचंय. सोमवारी साफसफाईसाठी तलाव बंद असतो आणि किल्ल्या माझ्याकडे असतात. ही बरोबर आली होती, किरणं घेऊन परत जाताना. काठावर बसून पाय बुडवत होती. ही आजवर कधी पाण्यात उतरलेली नाही, हे तुला माहीत आहे? पोहण्याच्या मास्तरांची बायको. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी विचारलं तेव्हा म्हणाली होती, ‘तसल्या पोशाखात मला लाज वाटते.’ मी पुन्हा कधी विचारलं नाही. कसली लाज, हेही नाही.

परवा ती आपण होऊन म्हणाली, ‘माझ्या मांड्या बघून लोक काय म्हणतील असं वाटायचं मला. आता इथे लोक नाहीत. तुम्ही तो टी-शर्ट काढणार असाल तर मी उतरते.’

मी म्हटलं, ‘तू काय घालणार?’

तिने पिशवीतून बायकांचा पोशाख काढला. त्या शिक्षिकेकडून आणला होता, दोघींनी माझ्यामागे ठरवलेलं. ती बदलून आली आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून उभी राहिली. मीही टी-शर्ट काढला आणि दोन्ही हात छातीवर घेतले. असे दोघं समोरासमोर किती वेळ उभे होतो कोण जाणे. शेवटी तीच म्हणाली, ‘चला, थंडी वाजते.’

उथळ बाजूलाच उतरलो. पायऱ्यांवर तिने कठडा सोडला, पाण्यात तिचा पाय उचलला गेला आणि ती घाबरून मला बिलगली, दोन्ही हातांनी, नेमकी छातीवर. मी कळवळलो. मे महिन्यात पाण्याखाली ओरडलो होतो तसंच दुखलं. ती हात सोडायला लागली.

मी म्हटलं, ‘सोडू नकोस. तिथे दुखतं. जरा खाली धर.’

तिने खाली धरलं, आणि मी तिला पाण्यावर आडवं केलं.

तुझा भाऊ